वीतभर उघडं दार

यशवंता,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बोललो. कॉलनीतल्या विहारासमोर मांडव घातला होता. भंतेजींची वंदना झाली आणि मग कुणीतरी माझं नाव पुकारलं. "सर हे यशवंतदादांचे सगळ्यात जुने मित्र. त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठलो. तुझ्या फोटोसमोरच्या मेणबत्त्यांकडे बघत बोललो, की तू कष्टाळू होतास, हुन्नरी होतास, इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये तुझ्या हाताला नाव होतं, त्र्यंबकच्या रांगेतला एकही डोंगर तू सोडला नव्हतास. लोकांनी माना हलवल्या. सुमनवहिनी पुढच्या सतरंजीवर पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही. नुसत्या बघत राहिल्या. खाली बसताना मला कळलं, की मी पुन्हा तेच केलं. नऊ वर्षं जे बोललो नाही, ते तुझ्या फोटोसमोरही बोललो नाही.

म्हणून हे लिहितोय. "आता लिहिणं सोपं आहे सर, मी वाचणार नाय ना," असं तू म्हणाला असतास. म्हण. ते खरंच आहे.

आपली ओळख हरिहरच्या पायथ्याला झाली, आठवतं? आम्ही शाळेतले आणि कचेरीतले सहा जण, नुकतंच गिर्यारोहण मंडळ काढलेलं, दगडावर स्टोव्ह ठेवून चहाची खटपट करत होतो. ज्योत हातभर वर उसळत होती आणि आम्ही चार पावलं मागे सरून एकमेकांना धीर देत होतो. तू पलीकडे आंब्याखाली एकटाच भाकरी खात बसला होतास. भाकरी फडक्यात गुंडाळलीस, शांतपणे आलास, चावी सैल करून हवा सोडलीस आणि स्टोव्ह पूर्ण निवेपर्यंत तसाच उकिडवा बसलास. मग पिन मारलीस, काकडा पेटवून बर्नर नीट तापू दिलास, आणि दोन पंपांत निळी ज्योत सुरू झाली.

"स्टोव्हला घाई करायची नाय," तू म्हणालास. "आधी त्याला तापू द्यायचं, मग मागायचं." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही मास्तर का?"

"कशावरून?"

"सगळ्यात लांब उभे होता, आणि काय करायचं ते सगळ्यांना तुम्हीच सांगत होता."

सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मी तुझा सर झालो. मी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठा. कितीदा म्हटलं, अरे-तुरे कर, डोंगरात कसला सर. "करीन की," म्हणायचास, आणि पुढच्याच वाक्याला "सर, जरा डावीकडनं या." हे तुझ्या तोंडातून का जात नाही, याचा मी फार विचार केला नाही. मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत होतो, त्याचाही केला नाही.

आई गेल्यावर माझ्या घरात रविवार उरला नव्हता. सोमवार ते शनिवार शाळा होती, मुलं होती, फळा होता. रविवारी मात्र घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. तो वार तू मला परत दिलास. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघायचं, अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी, कधी नुसतीच एखाद्या डोंगराची निनावी सोंड. कातळावर पाय कसा ठेवायचा ते तू शिकवलंस. पाणी संपत आलं की शेवटचे दोन घोट दुसऱ्यासाठी ठेवायचे, हे तू कधी सांगितलं नाहीस, पण बाटली माझ्याकडे यायची तेव्हा तिच्यात दोन घोट असायचे. परतताना आपण फार बोलायचो नाही. मला तसं न बोलता चालणारं माणूस त्याआधी भेटलं नव्हतं, आणि आता या वयात भेटेल असं वाटत नाही.

आता तो मे महिना.

आणीबाणीचं ते वर्ष. मंडळाने हिमालयात जायचं ठरवलं, कुलूच्या वरची एक खिंड, चौदा हजार फुटांच्या आसपास. मी प्रमुख, कारण पत्रव्यवहार मी केला होता. सामान तुझ्याकडे, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. आणि वसंता. येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला, तेविशीचा, नाशिकला पोस्टात नुकताच लागलेला. त्याला सगळीकडे कापड दिसायचं. कुलूच्या बसमधून पहिल्यांदा बर्फाची शिखरं दिसली तेव्हा म्हणाला, "सर, वर सगळा पदरच पदर आहे, काठ कुठं दिसत नाही."

हीटर तू बनवलास. दोन महिने शेडमधल्या जेवणाच्या सुट्ट्या त्यावर घातल्यास. खाली वातीचा स्टोव्ह, वर छिद्रं पाडलेल्या पत्र्याची टोपी, बुडाला रुंद बैठक, म्हणजे धक्का लागला तरी कलंडू नये. नाशिक सोडण्याआधी तुझ्या अंगणात आम्हा सहाही जणांना बसवून तू तो दाखवलास. मला त्या दिवशी थोडं हसूच येत होतं. मी विज्ञान शिकवणारा माणूस, आणि तू मला ज्योत समजावत होतास.

"पेटवायचा बाहेर. रॉकेल भरायचं तेही बाहेर, आणि तो पुरता निवल्यावर. ज्योत निळी झाली की मगच आत घ्यायचा. वर हवा पातळ असती, म्हणून वात इथल्यापेक्षा कमी ठेवायची. ज्योत पिवळी दिसली म्हणजे ती उपाशी आहे. तिला हवा मिळाली नाय की ती तुमच्या वाटणीची खाती. तंबूचं दार खालनं वीतभर, वरनं वीतभर उघडं. थंडी आत आली तर येऊ द्या. अर्धा तास, मग बाहेर. आणि तो पेटलेला असताना झोपायचं नाय. कुणीच नाय."

वसंताने विचारलं, "आणि धूर झाला तर?"

"धूर झाला तर नशीब म्हणायचं. जे मारतं ते दिसत नाय आणि त्याला वासही नसतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर उंचीमुळं होतंय म्हणू नका. आधी हीटर बाहेर, मग माणूस बाहेर, मग कशामुळं होतंय त्याचा विचार."

हे तुला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. इगतपुरीच्या पावसात लोक कपडे वाळवायला कोळशाची शेगडी घरात घेतात. शेडमागच्या चाळीतलं एक कुटुंब शेगडी पेटती ठेवून दार-खिडक्या लावून झोपलं होतं. सकाळी दार फोडणाऱ्यांत तू होतास. ते तू आम्हांला सांगितलंस, फार थोडक्यात, जमिनीकडे बघत. मी तेव्हाही मान हलवली होती.

वरच्या मुक्कामावर आपण चौघेच गेलो. तू, मी, वसंता आणि तिथला वाटाड्या डोलाराम. बाकीचे चौघे खाली थांबले. दोन तंबू. एकात तू आणि डोलाराम, दुसऱ्यात मी आणि वसंता. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडायला लागला आणि थांबेचना. दुपारी वसंताचे दात वाजायला लागले, मोजे ओले झाले होते. तू तुमच्या तंबूतून हीटर घेऊन आलास. स्वतः बाहेर पेटवलास, ज्योत बघितलीस, आत आणून सपाट दगडावर ठेवलास. दार वरून-खालून स्वतःच्या विती लावून मोजलंस.

"सर, अर्धा तास. मी इकडं चहा करतो आणि घेऊन येतो, मग हीटर नेतो."

तू गेलास. वारा फिरला. दाराच्या खालच्या फटीतून बर्फाचा भुगा आत यायला लागला, माझ्या स्लीपिंग बॅगवर, वसंताच्या मोज्यांवर, जे आम्ही हीटरपाशी वाळत घातले होते. मी उठलो आणि दार बांधलं. वर एक गाठ, खाली दोन.

वसंता म्हणाला, "सर, यशवंतदादा म्हणाले होते..."

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, यशवंता. मी म्हणालो, "अरे, कापडाचा तंबू आहे हा. कापडातून हवा येतेच. हेच तर शिकवतो मी."

तो मोजे उलटे करायला लागला. सरांनी सांगितलं म्हणजे झालं. दर वर्षी पाचवीच्या वर्गात मी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालून दाखवतो. ज्योत कशी लहान होते, कशी विझते, का विझते, सगळं फळ्यावर लिहून देतो. आणि वर मी एका पोराला पेल्यात घेऊन बसलो होतो. कापड ओलं होऊन गोठलं होतं, वरून बर्फ चढत होता, त्यातून कसली हवा येणार होती.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, डोकं फुटतंय."

मी म्हणालो, "उंची आहे. जरा पड."

तो पडला. मीही पडलो. ज्योतीकडे माझं लक्ष नव्हतं. ती पिवळी झाली होती का, मला सांगता येणार नाही. ऊब छान होती, एवढंच आठवतं.

नंतरचं मला डोलारामने सांगितलं, तू कधीच सांगितलं नाहीस. तुमचा स्टोव्ह त्या वाऱ्यात पेटेना, म्हणून चहाला उशीर झाला. तू चहाचं भांडं घेऊन आलास, हाका मारल्यास, आतून उत्तर नाही. गाठी आतून होत्या आणि दाराचं कापड गोठून दगड झालं होतं. तू हातमोजे काढून फेकलेस आणि चाकूने दार फाडलंस. मी दाराशी होतो, म्हणून मला आधी ओढलंस. मग वसंताला.

माझी पहिली आठवण म्हणजे तोंडावर पडणारा बर्फ आणि माझ्या कानापाशी तुझा आवाज. "ऊठ रे! ऊठ! श्वास घे, घे रे!" आयुष्यात एवढ्या एकाच वेळी तू मला अरे म्हणालास. पुन्हा डोळे उघडून मान वळवली तेव्हा तू वसंताच्या छातीवर वाकला होतास, उघड्या हातांनी. डोलाराम तुला मागे ओढत होता आणि तू त्याला झटकत होतास. अंधारून येईपर्यंत तू थांबला नाहीस.

आपण वसंताला खाली आणलं, नदीकाठी त्याला अग्नी दिला. दवाखान्यात विचारलं तेव्हा मी सांगितलं, दोन दिवस खोकत होता, उंची सोसली नाही. तसंच लिहिलं गेलं. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत तुझ्या बोटांना मलमपट्टी चालली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती. ती पुढे नाशिकला काढावी लागली.

मी मंडळासाठी अहवाल लिहायला घेतला तेव्हा तू मला भेटलास. नाशिकरोडच्या फलाटावर, इगतपुरीहून येणाऱ्या गाडीतून उतरून, डबा हातात, बोटांना पट्टी. मी शाळेतून येत होतो. आपण बाकावर बसलो.

"सर, खरं लिहा," तू म्हणालास.

"अरे, तुझं नाव येईल. लोक म्हणतील हीटर यशवंताने बनवला होता."

"येऊ द्या की. बनवलाच होता. दार कुणी बांधलं तेपण लिहा."

"त्याने वसंता परत येणार आहे का?"

"नाय येणार. पण पुढच्या वर्षी दुसरे कुणी जातील ना. ते वाचतील, सर. उंचीनं गेला म्हटलं तर काय शिकतील? की उंचीवर जाऊ नये?"

मी म्हणालो, "तुला त्रास होऊ नये म्हणून म्हणतोय मी."

तू डबा उचलून उभा राहिलास. मग म्हणालास, "काय वाटंल ते करा, सर. पण माझ्यासाठी करताय असं म्हणू नका. तेवढं नका म्हणू."

आपला वाद तिथेच थांबला. संपला नाही. अहवालात मी उंचीच लिहिली आणि पुढची नऊ वर्षं गप्प राहिलो. तू एकदाही तो विषय पुन्हा काढला नाहीस, आणि तू काढत नाहीस म्हणजे तुला पटलं असेल, असं मी मनाशी धरून चाललो.

लोक बोललेच. खालच्या मुक्कामावरच्या कुणी तरी सांगितलं, की तंबूत हीटर होता. तेवढं पुरलं. चार महिन्यांत गोष्ट अशी झाली, की यशवंताने शेडमधल्या भंगारातून काहीतरी जोडलं, ते तंबूत भडकलं आणि पोर गेलं. मंडळाच्या पुढच्या मोहिमेच्या यादीत तुझं नाव नव्हतं. त्या बैठकीत मी अध्यक्षाच्या खुर्चीत होतो. कुणीतरी म्हणालं, "सामानाचं यंदा दुसऱ्या कुणाकडे देऊ." मी म्हणालो, "ठीक आहे." दोन शब्द, यशवंता. परवाही सगळे मला दोन शब्दच बोला म्हणत होते.

तरीही रविवारी तू माझ्या दाराशी यायचास. "चला सर, अंजनेरी." मी तुझ्याबरोबर चालत राहिलो. तू मला माफ केलं होतंस की तू वाट बघत होतास, हे मला आजही कळलेलं नाही. तीन बोटांनी तू दोर बांधायचास, पूर्वीपेक्षा हळू. मी दुसरीकडे बघायचो.

मग तू तुझं काम सुरू केलंस. मंडळाने नाव काढलं तर काढलं. दर उन्हाळ्याआधी, हिमालयात जाणाऱ्या कुणालाही तू अंगणात बोलवायचास. कॉलेजातले, कारखान्यातले, मालेगावचे, धुळ्याचे. वहिनी सगळ्यांना चहा करायच्या. तू जुना तंबू उभारायचास, त्याच्या कापडाला तोंड लावून फुंकायला सांगायचास. हवा पलीकडे जायची. मग त्यावर बादलीभर पाणी ओतायचास आणि म्हणायचास, "आता फुंका." गाल फुगायचे, हवा जायची नाही. "बघा. कोरडं कापड श्वास घेतं. भिजलं, गोठलं की भिंत होती." हा धडा तू कुणासाठी तयार केलास, ते मी पहिल्यांदा बघितलं त्याच क्षणी ओळखलं.

एकदा मी मागे बसलो होतो. तू म्हणालास, "आमच्या एका दोस्ताचं असंच झालं." मग थांबलास. सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलंस. "सर होते तिथं. सर सांगतील."

वीसेक तोंडं माझ्याकडे वळली. तू थांबला होतास, हातात ती ओली बादली. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला कड्यावर हात द्यावा तसा तू उभा होतास. आणि मी म्हणालो, "उंचीवर सगळ्याच बाबतीत काळजी घ्यावी लागते. यशवंत सांगतोय ते नीट ऐका." तू मान खाली घातलीस आणि पुढचं सांगायला लागलास. त्यानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस.

तुझ्या अंगणातून गेलेली किती माणसं तिकडून धड परत आली, मला माहीत नाही. परवा मांडवात त्यातली बरीच होती. कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मालेगावकडची एक मुलगी मला म्हणाली, "दादांनी सांगितलं होतं म्हणून आम्ही बाहेर आलो, सर. तिघीपण." मी तिला बरं म्हणालो.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. घर आवरलेलं होतं. तुझी चप्पल मात्र दाराशी तशीच होती. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"सर, एक विचारू? येवल्याला कळवायचं का?"

"येवल्याला? कुणाला?"

"वसंताच्या आईला. हे दर वर्षी जायचे ना. मे महिन्यात, त्याच्या दिवशी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मीही जायचो येवल्याला, दिवाळीनंतर एकदा. त्याच्या आई, काशीमावशी, मला घरात घ्यायच्या, मागापाशी चटई टाकायच्या, चहा द्यायच्या. वसंताचे सर म्हणून शेजारणींना दाखवायच्या.

"काय म्हणायच्या मावशी त्याला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? त्यांच्या कानावर आलं होतं ना, हीटर फुटला म्हणून. दार उघडायच्या आणि ह्यांना बघून लावून घ्यायच्या. हे बाहेर रस्त्यावर थोडा वेळ उभे राहायचे आणि पुढच्या गाडीनं परत. आठ वर्षं, सर. एकदासुद्धा पाणी नाही. मी म्हणायचे, कशाला जाता? सांगून तरी टाका त्यांना खरं काय ते. तर म्हणायचे, ते मी नाही सांगायचं. सर सांगतील." वहिनींनी रिकामा पेला उचलला. "तुमच्यावर लई भरवसा होता त्यांचा."

यापेक्षा त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं.

आज सकाळी येवल्याला गेलो. विंचूर येईपर्यंत तीनदा वाटलं उतरावं. मावशी ओसरीत मागासाठी रेशमाच्या कांड्या भरत होत्या. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोटं चालतात. "या सर, अवेळी कसे?" म्हणाल्या आणि चटई टाकायला उठल्या. मी म्हणालो, "नको मावशी, बसा. आधी ऐका." आणि उभ्याने सगळं सांगितलं. हीटर. वीतभर दार. बर्फाचा भुगा. वर एक गाठ, खाली दोन. वसंता काय म्हणाला, मी काय म्हणालो. डोकं फुटतंय म्हणाला तेव्हा मी काय म्हणालो. दवाखान्यात काय सांगितलं. मंडळात काय सांगितलं.

त्यांच्या हातातली कांडी थांबली होती. मला वाटलं, रडतील, शिव्या देतील. दोन्हीसाठी मी तयार होतो.

त्यांनी विचारलं, "शेवटाला त्याला थंडी वाजत होती का?"

"नाही, मावशी. आत ऊब होती."

"बरं." मग कांडी पुन्हा फिरवत, "आन् त्याला? त्यो बाहेर व्हता, यशवंता. उघड्या हातानं म्हनता ना? त्याला वाजली आसंल."

"वाजली असेल."

"इचारलं नाय कधी?"

मी नाही म्हणालो. खरंच नव्हतं विचारलं. नऊ वर्षांत तुझ्या हाताकडे नीट बघितलंही नव्हतं.

"आता कुठं राह्यतो त्यो?"

"मावशी, तो गेला. परवा पुण्यानुमोदन झालं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या धूसर डोळ्यांना मी किती दिसत होतो कोण जाणे. "म्हंजी तो गेल्यावर आलात तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आन् मी त्याला आठ साल दारातनं लावून दिला."

चहाचं त्यांनी विचारलं नाही, आणि मी ते मनातल्या मनात त्यांचे आभार मानून स्वीकारलं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की यशवंताच्या मागे कोण आहे. मी म्हणालो, बायको आहे, सुमन. दोन मुली आहेत. त्यांनी तुझ्या कॉलनीचं नाव विचारलं आणि दोनदा म्हणून घेतलं, पाठ व्हावं तसं.

"येत्या इतवारी येते मी तिच्याकडं," म्हणाल्या.

"मी स्टँडवर थांबतो, मावशी. तुम्हाला नीट दिसत नाही. मी घेऊन जाईन."

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ. मी इचारत इचारत जाईन."